हरताळ

आमच्या मूळ घरी देव्हाऱ्याखालच्या पेटीत एक हस्तलिखित पोथी आहे. पणजोबांनी स्वतःच्या हाताने नकलून काढलेली. काळी शाई, टपोरं अक्षर, आणि मध्येच कुठे कुठे पिवळे डाग. लहानपणी मला वाटायचं, पूजा करताना कोणाच्या तरी हातून हळद सांडली असावी. एकदा आजोबांना तसं विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "हळद नव्हे गो, हरताळ. लिहिताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळ फासायचा. वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचं."

नियमांना हरताळ फासला, आश्वासनांना हरताळ फासला, असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. त्या वाक्प्रचाराचं मूळ हे असं आमच्या पेटीत होतं. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळलं की हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. आयुर्वेदातली मनशीळ हे त्याचंच तांबडं भावंड. आणि जुन्या गोष्टींमधून विष म्हणून भेटणारा सोमल हीसुद्धा आर्सेनिकचीच पांढरी भुकटी. पणजोबा ज्याने चुका झाकत होते, ते त्याच घराण्यातलं होतं तर! त्या दिवशी घरी आल्यावर मी पोथीला हात लावला आणि साबणाने दोनदा हात धुतले. आजी बघतच राहिली.

तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की पुढे माझी सगळी नोकरी पाण्यातलं हेच आर्सेनिक मोजण्यात जाणार आहे, आणि एक दिवस माझ्याच हातून अशी चूक होणार आहे की जिच्यावर फासायला कुठलाही हरताळ पुरणार नाही.

ती गोष्ट आज सांगायची आहे. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, पण दर मे महिन्यात आठवते.

आधी थोडं मोजण्याबद्दल सांगते, नाहीतर माझी चूक काय होती हे कळणार नाही.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालतं? जागतिक आरोग्य संघटनेने 1993 पासून ही मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम अशी ठरवली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी लोकांना विहिरीचा हिशेब सांगते. आपल्याकडची घरगुती गोल विहीर घ्या. तीन मीटर रुंद, आत चार मीटर पाणी. म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. एवढ्या सगळ्या पाण्यात मिळून 0.28 ग्रॅम आर्सेनिक असलं की मर्यादा गाठली. तांदळाच्या बारा-पंधरा दाण्यांच्या वजनाइतकं! पूर्ण विहिरीत बारा-पंधरा दाणे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि आमच्या हातात येते ती एवढीशी बाटली. तिच्यावरून पूर्ण विहिरीचा निवाडा करायचा.

हे मोजण्याचं शास्त्र जन्माला आलं ते न्यायालयात. 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये एका तरुणावर, त्याने आजोबांच्या कॉफीत सोमल घातला, असा खटला भरला गेला. जेम्स मार्श नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्या कॉफीत हायड्रोजन सल्फाइड सोडून पिवळा साका मिळवला. तो पिवळा साका म्हणजे दुसरं काही नाही, आमच्या पोथीतला हरताळच. पण खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडून गेला. ज्यूरीला काही दिसलं नाही, आरोपी सुटला. मार्श चडफडला आणि नव्या कसोटीच्या मागे लागला. 1836 मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर त्याचा आर्सिन नावाचा वायू होऊन बाहेर पडतो. तो पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली की तिच्यावर काळा चकचकीत डाग उमटतो. तो डाग ज्यूरीलाही दिसतो!

आज खेडोपाडी पाणी तपासायला जे किट नेतात, ते याच घराण्यातलं. बाटलीत पाणी, जस्त आणि आम्ल. वर झाकणात पाऱ्याच्या क्षाराची कागदपट्टी. आर्सिन वर आला की पट्टी आधी पिवळी, मग तपकिरी होते. रंग तक्त्याशी ताडून आकडा सांगायचा. मी प्रयोगशाळेत अकरा वर्षं ज्या यंत्रावर काम केलं, तेही मार्शचंच नातवंड. तिथे जस्ताऐवजी सोडियम बोरोहायड्राइड, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल. निघालेला वायू तापलेल्या क्वार्ट्झच्या नळीत न्यायचा आणि त्यातून आर्सेनिकला आवडणारा नेमका प्रकाश सोडायचा. किती प्रकाश गिळला गेला त्यावरून आर्सेनिक किती ते कळतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमीही त्यात दिसतं. या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्ल हवंच. अकरा वर्षांत माझा हात न बघता त्या आम्लाच्या बाटलीकडे जायला लागला होता. हे लक्षात ठेवा.

आता बंगालकडे वळते. त्याशिवाय पुढे मी इतकी घाई का केली ते समजायचं नाही.

2001 च्या डिसेंबरात कामानिमित्त कोलकात्याला गेले होते. तिथल्या एका ओळखीच्या संशोधकाबरोबर एक दिवस उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जायला मिळालं. सपाट हिरवी शेतं, केळी, तळी. आपल्या गोव्याची आठवण यावी असा मुलूख. आणि प्रत्येक अंगणात एक हातपंप.

या हातपंपांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. बंगालमध्ये, इकडच्या आणि तिकडच्याही, लोक पूर्वी तळ्यांचं पाणी प्यायचे आणि पटकी-हगवणीने मुलं मरायची. म्हणून नलिका खणून जमिनीखालचं स्वच्छ पाणी वर काढायचं ठरलं. सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी ते मनापासून केलं, आणि लोकांनीही मग स्वतःच्या पैशाने लाखो पंप बसवले. पाणी जंतूंच्या दृष्टीने खरंच चांगलं होतं. पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला चिकटून आर्सेनिकही आलेलं होतं. जमिनीत खोलवर, जिथे हवा पोचत नाही आणि कुजलेला पालापाचोळा असतो, तिथे जिवाणू तो गंज विरघळवतात. गंज सुटला की त्याने धरून ठेवलेलं आर्सेनिकही पाण्यात सुटतं. कोणी कारखान्यातून सोडलेलं नाही, कोणी मिसळलेलं नाही. निव्वळ नैसर्गिक!

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांनी 1983 साली पश्चिम बंगालमधल्या पहिल्या रुग्णांचं निदान केलं. अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती 1988 पासून गावोगाव फिरून नमुने मोजत राहिले, ते 2018 मध्ये जाईपर्यंत. बांगलादेशात पाण्यातलं आर्सेनिक प्रथम सापडलं 1993 मध्ये. आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तपासलेल्या साडेतीन हजार नलिकांपैकी उथळ नलिकांतल्या 27 टक्के तिथल्या 50 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर निघाल्या. साडेतीन कोटी माणसं तसलं पाणी पीत असावीत असा हिशेब मांडला गेला.

पण मला सर्वांत जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. 1992 मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या नलिकांचं पाणी तपासलं होतं. अनेक मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही. त्या यादीत ते नव्हतंच! पुढे बिनोद सूत्रधर नावाच्या रुग्णाने त्या संस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला. 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की संस्थेवर त्याच्याप्रती तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही. कायद्याचं मला कळत नाही. पण जे मोजलं नाही ते अहवालात दिसत नाही, आणि अहवालात नाही ते पाण्यात नाही असं वाचणारा धरून चालतो, एवढं मात्र कळतं.

त्या खेड्यात आम्ही एका घरी गेलो. तिथल्या बाईंनी आपले तळहात पुढे केले. गव्हाची कणीक हाताला लागून वाळावी तसे बारीक कठीण दाणे, सगळ्या तळव्यावर. वय माझ्याएवढंच, चाळिशीचं. त्यांच्या सुनेने स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. दारातल्या पंपाचं. एका पेल्याने काही होत नाही, हे मी रसायनशास्त्राची बाई असून मला ठाऊक नव्हतं असं नाही. या पाण्याचं विष वर्षानुवर्षं पिऊन भिनतं. तरी माझा हात क्षणभर थांबला. तो थांबलेला त्या बाईंनी पाहिला. त्यांनी सुनेला काहीतरी सांगितलं, सुनेने पेला परत नेला आणि शहाळं आणलं. मी शहाळं प्यायले. आयुष्यात इतकं कडू शहाळं प्यायले नाही.

गोव्याला परत आले ते तो तळहात डोळ्यांत घेऊनच.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं. मोठं, महागडं. आर्गॉन वायूच्या, सूर्याच्या पृष्ठभागाहून तप्त अशा ज्योतीत पाण्याचा फवारा सोडायचा. सगळ्या अणूंवर विद्युतभार चढतो आणि मग यंत्र एकेका अणूचं वजन करतं. एका दमात वीस-पंचवीस मूलद्रव्यं! लोखंड, मँगनीज, शिसं, सगळं एका कागदावर. आर्सेनिकच्या अणूचं वजन 75. निसर्गात सापडणारं सगळं आर्सेनिक 75 चंच. म्हणजे यंत्राने 75 दाखवलं की आर्सेनिक. सोपं.

2003 च्या मे महिन्यात मामा आले. माझं आजोळ डिचोली तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला तेव्हा खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावायचे. मामांच्या हातात शीतपेयाची जुनी बाटली, तिच्यात शेजारच्या काकींच्या विहिरीचं पाणी. तळाशी थोडा तांबडा गाळ.

"गो बाय, सगळें तपास. पुराय," मामा म्हणाले.

मी त्यांना समजावलं की असं चालत नाही. पाणी बाटलीत राहिलं की लोखंडाचा गंज तळाला बसतो, आणि बसताना आर्सेनिकसारखी द्रव्यं आपल्याबरोबर खाली ओढून नेतो. वरचं पाणी मोजलं तर कमी दिसणार. म्हणून नमुना घेतानाच बाटलीत थोडं आम्ल हवं. मग मी स्वच्छ बाटली घेतली, तिच्यात मापून आम्ल घातलं, चिठ्ठी लावली आणि मामांकडे दिली. दोन दिवसांनी बाटली भरून आली.

कागदावर आकडा आला. आर्सेनिक 14.

मी दोनदा यंत्रातून घेतलं. 14, 14. प्रमाणित द्रावणं बरोबर येत होती. कोरा नमुना, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी आणि आम्ल, तोही शून्याजवळ होता. संशयाला जागा नव्हती. भारतीय मानकाची मर्यादा त्या वेळी 50 होती, ती 10 वर आली नंतर. म्हणजे आपल्या तेव्हाच्या नियमाने पाणी चालण्यासारखं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो तळहात होता. मी मामांना फोन केला आणि सांगितलं, आर्सेनिक थोडं जास्त आहे, तूर्त पिऊ नका.

"आर्सेनिक म्हणजे कितें?"

"सोमल," मी म्हटलं.

तो एक शब्द मी उच्चारायला नको होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्यावर झालं की काकींच्या विहिरीत वीख आहे. काकींनी विहिरीवरची कळशी आणि दोरी आत नेऊन ठेवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई, भर उन्हात खालच्या नळावर जायला लागल्या. तुळशीला विहिरीचं पाणी घालायचं की नाही, यावर घरात वाद झाला. चवथीला गणपती त्याच विहिरीत पोचवत असत, तो आता कुठे पोचवायचा? मामा सांगत होते, काकी एकच वाक्य परत परत म्हणायच्या: "म्हज्या घोवान खणिल्ली ही बांय. तातूंत वीख खंयच्यान येतलें?"

त्यांचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता. तो मला पडायला हवा होता. आपल्या जांभ्या दगडाच्या उघड्या विहिरी उथळ असतात, त्यांना हवा मिळते. अशा जमिनीतला लोहाचा तांबडा गंज विरघळत नाही, उलट आर्सेनिकला घट्ट धरून ठेवतो. बांगलादेशी रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोहाच्या याच गुणावर 'सोनो' नावाचं गाळणं बनवलं आणि 2007 मध्ये त्यांना अमेरिकेत दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. म्हणजे काकींची विहीर जणू गाळण्यातच खणलेली होती! पण मला त्या दिवशी बंगाल दिसत होता, माझ्या पायाखालची जमीन दिसत नव्हती.

शेजारच्या तीन घरांनीही बाटल्या मागितल्या. मी त्याच हाताने, त्याच सवयीने त्या तयार करून दिल्या. त्यांतल्या एका घरच्या तरुण मुलाने नमुना पाठवलाच नाही. घरात लहान मूल होतं. तो म्हणाला, जमीन एक, पाणी एक, कशाला थांबायचं? पाऊस जवळ आलेला, रस्त्याच्या कामाला जेसीबी गावात होता. त्याने एका सकाळी आपली विहीर दगडमातीने बुजवून टाकली.

उरलेल्या दोन बाटल्या यंत्रात घातल्या. एक 13. दुसरी 15.

तेव्हा कुठे मी थबकले. एक विहीर चढावर, एक उतारावर, एक नाल्याला लागून. पाण्याची उंची वेगळी, लोखंड वेगळं, मँगनीज वेगळं, आणि आर्सेनिक मात्र रेशनच्या दुकानातल्यासारखं सगळ्यांना सारखं? आमचे वरिष्ठ खूप कमी बोलायचे. कागद बघून एवढंच म्हणाले, "विहिरीला खूप विचारलंस, आता बाटलीला विचार."

मी तशीच एक बाटली तयार केली आणि तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं.

14.

पुढचं सगळं पाच मिनिटांत उलगडलं. मी बाटल्यांत आम्ल घातलं होतं ते हायड्रोक्लोरिक. अकरा वर्षांची हाताची सवय. नव्या यंत्राला नायट्रिक आम्ल लागतं. हायड्रोक्लोरिक म्हणजे क्लोरीन आलं. क्लोरीनच्या अणूचं वजन 35. यंत्राच्या ज्योतीतल्या आर्गॉनचं 40. त्या ज्योतीत दोघं क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि 75 होतात! यंत्र बिचारं फक्त वजन करतं, चेहरा ओळखत नाही. त्याने प्रामाणिकपणे 75 मोजले आणि मी त्याला आर्सेनिक म्हटलं. शहानिशा करायची सोयही त्याच कागदावर होती. क्लोरीनचा दुसरा एक अणू 37 चा असतो. तो आर्गॉनला चिकटला की 77 होतात, आणि निसर्गात 35 आणि 37 चं प्रमाण साधारण तिनास एक असतं. मी 75 आणि 77 च्या रकाने शेजारी ठेवले. तिनास एक. आकडे पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होते.

आणि कोरा नमुना? तो मी यंत्राशेजारी बसून नायट्रिक आम्लात केला होता. तो बरोबर असणारच. कोऱ्या नमुन्याचं कामच असं की तो खऱ्या नमुन्याबरोबर सगळी वाट चालून आला पाहिजे. तीच बाटली, तेच आम्ल, तोच प्रवास. माझा कोरा नमुना घरातून बाहेर पडलाच नव्हता.

मामांची ती पहिली शीतपेयाची बाटली अजून कपाटात होती. त्यात आम्ल नव्हतं. तळाच्या गाळासकट ती विरघळवून जुन्या यंत्रावर घेतली. एकपेक्षा कमी. इतर दोन विहिरीही तशाच.

त्या दिवशी अहवाल दुरुस्त करून टपालाने पाठवता आला असता. आमच्याकडे तशी रीत होती. मी बसने गेले. मृगाचा पहिला पाऊस झाला होता, आजोळच्या वाटेवर लाल पाणी वाहत होतं. काकी ओसरीवर आमसुलं निवडत होत्या.

मी सांगितलं. आर्गॉन-क्लोरीन काही सांगितलं नाही. म्हटलं, विहिरीत काही नाही.

"म्हणजे यंत्रान फट मारली?"

"न्हय काकी. हांवें चूक केली."

काकींनी आमसुलं बाजूला ठेवली. उठल्या, आतून कळशी आणि दोरी घेऊन आल्या. त्या वयात स्वतः पाणी ओढलं. मी पुढे झाले तर हातानेच मागे सारलं. ओंजळीने आधी स्वतः प्यायल्या. मग तांब्या माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तांब्या संपवला. "सांगपाक आयलें, तें बरें केलें," एवढंच त्या म्हणाल्या.

मग मी त्या तरुणाच्या घरी गेले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?" त्याची आई मात्र मागच्या दारात उभी राहून बुजवलेल्या जागेकडे बघत होती. पन्नास वर्षं तिने तिथून पाणी ओढलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही.

यातून काय शिकायचं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे मोठं तत्त्वज्ञान नाही. बांगलादेशात आधी कोणी विचारलंच नाही म्हणून कोट्यवधी लोक विष पीत राहिले. माझ्याकडून नसलेलं विष सापडलं आणि एक विहीर गेली. पहिली चूक दुसरीपेक्षा कितीतरी मोठी, यात शंका नाही. म्हणून काही जण म्हणतात, शंका आली की 'आहे' म्हणावं, ते सुरक्षित. मलाही तसंच वाटायचं. आता वाटत नाही. विहीर बुजवणारा माणूस माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून बुजवत असतो. त्याच्याकडे दुसरं यंत्र नसतं. 2002 मध्ये चक्रवर्तींच्या गटाने किटच्या चाचण्यांवर टीका केली ती हेच दाखवून. किटच्या पट्टीवर नलिका लाल किंवा हिरवी रंगवायची, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवी म्हणजे प्या, आणि त्यांनी प्रयोगशाळेत फेरतपासणी केली तेव्हा हिरव्यांत लाल आणि लालांत हिरव्या निघाल्या. हिरव्या रंगाची लाल नलिका म्हणजे आजार. आणि लाल रंगाची हिरवी नलिका म्हणजे एखादी बाई दोन मैल लांब पाण्याला जातेय, विनाकारण.

नोकरीची पुढची वर्षं मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. प्रत्येक नमुन्याबरोबर एक रिकामी बाटली, शुद्ध पाणी भरून, त्याच वाटेने पाठवायची आणि परत आणायची. नवीन मुलं हसायची, पाणी कशाला फिरवून आणता, म्हणून. आणि अहवालात 'नाही' असं कधी लिहायचं नाही. 'इतक्यापेक्षा कमी' असं लिहायचं, आणि काय काय मोजलं नाही तेही खाली लिहायचं. त्यामुळे अहवाल लांबतो. लांबू दे.

काकी 2011 मध्ये गेल्या. त्यांची विहीर आहे, नातू पंप लावून पाणी काढतो, गणपती अजून तिथेच पोचतो. शेजारच्या बुजवलेल्या विहिरीवर आता केळी आहेत. तिथली माती खाली बसली आहे, त्यामुळे पावसात त्या जागी गोल पाणी साचतं, बरोबर विहिरीएवढं. आजोळी गेले की माझी नजर आधी तिकडे जाते.

आणि पोथीतले ते पिवळे डाग मी अलीकडे पुन्हा नीट पाहिले. हरताळाखालचं पणजोबांचं चुकलेलं अक्षर उजेडात धरलं की अजून पुसट दिसतं.